तिसरी फेरी

महापेची रात्रपाळी नसते त्या दिवशी
अकराच्या पुढे मी काळी खिडकी उघडतो.
तिच्यात चित्र नाही, बटण नाही.
एक उभी रेघ तेवढी उघडझाप करत राहते,
पानाच्या दुकानातल्या माणसासारखी:
बोला, काय देऊ.

घणसोली गावठाणात इमारती इतक्या जवळ
की खिडकीतून हात काढला
तर समोरच्यांच्या फोडणीत पडेल.
तिथं बसून मी धर्मीआत्याचे धवले जुळवतोय.
एकशे सत्तावीस. प्रत्येकाची वेगळी फाइल,
फोनवर घेतलेली, ऐकून ऐकून उतरवलेली,
मधे कुठं कुकरची शिट्टी, कुठं आत्याचा खोकला.
(शिट्ट्या काढल्या. खोकला एका ठिकाणी ठेवलाय,
तळटीप देऊन.)

चार ओळींची आज्ञा लिहिली:
फाइल उचल, समास सोड,
धृपद दोन बोटं आत घे,
संपली की पुढची उचल, संपेपर्यंत.
ती करते. कुरकुरत करते.
एकोणिसाव्या पानावर ओळ बाहेर आली म्हणते,
साडेतीन पॉइंटांनी.
मी काय करू, आत्या श्वासच तेवढा लांब घेते.

पहिल्या खेपेला तिनं दांडीवाला ल दिला,
हिंदीच्या घाटाचा.
भाषा सांगावी लागते तिला, गृहीत धरत नाही.
एका ओळीत लिहिलं: मराठी.
आणि सगळे ल एकदम वळले,
दोन्ही बाजूंनी गोल,
शाळेत वैती बाई फळ्यावर काढायच्या तसे.
त्या रात्री मी चहा केला स्वतःला. उगाच.

मग शहाणपणा सुचला.
हलद, डोला, काला, कपाल:
कोण वाचणार असलं, म्हणून
एक ओळ घातली शोधून बदलण्याची.
तीनशे बारा ठिकाणी ल चा ळ झाला,
पापणी लवायच्या आत.
सकाळी आत्याला एक पान वाचून दाखवलं.
ती लसूण सोलत होती. थांबली.
"ही कोन बाई बोलतेय?"

ती ओळ पुसली मी.
फक्त पुसली नाही, तिच्या जागी टीप लिहिली, स्वतःसाठी:
इथं हात लावू नकोस.

राहिला एकशे अठ्ठाविसावा.
नवरीला बाशिंग बांधताना म्हणतात तो.
बाकीच्यांत चार ठिकाणी त्याचा उल्लेख येतो,
मी चारही ठिकाणी खूण करून ठेवली होती:
पाहा, पान अमुक.
आत्याला म्हटलं, तेवढा सांग, पुस्तक संपलं.
"नवरी कंय हाय?"
नवरी नाही गं, रेकॉर्डिंगसाठी.
"मंग तुजे मोबाइलला हलद लागलेय का?"
आणि लसणाची सालं घेऊन आत गेली.

या आज्ञावलीचं असं असतं:
पहिल्या फेरीत तिला पुढचं माहीत नसतं,
जिथं पानाचा आकडा हवा तिथं
दोन प्रश्नचिन्हं टाकून ती पुढं जाते.
दुसऱ्या फेरीत मागचं आठवून आकडे भरते.
कधी आकडे भरताना पानंच सरकतात,
मग तिसरी.
मी तिसरी केली. चौथीही केली.
चार जागी तीच ती दोन चिन्हं,
आणि खाली तिचं नेहमीचं वाक्य:
काही संदर्भ लागलेले नाहीत, पुन्हा चालवून पाहा.

तुर्भ्याहून मोमीनभाईंचा फोन आला.
"साहेब, एकसष्ट नंबरला काहीतरी राहिलंय."
म्हटलं, हो.
"दुरुस्त करून पाठवताय ना?"
म्हटलं, तसंच छापा.
ते जरा वेळ गप्प, मग कागदाचा भाव सांगू लागले.

पहिली प्रत आत्याच्या मांडीवर ठेवली.
तिला वाचता येत नाही. तिनं पानं मोजली,
वास घेतला, जाडी चिमटीत धरून पाहिली,
दोन कॉपी जास्त काढ म्हणाली, नणंदेच्या पोरीला.
मग एका पानावर अंगठा थांबला.
"आन ही दोन कानं कोनाची?"