अर्धा श्वास उशिरा

आपण तयार आहोत हे दाखवायला
मुली काय काय करतात, बेचाळीस वर्षं बघतेय मी.
पालुपी तासभर आधी येऊन पुढच्या फरशीवर उभी राहायची.
दियाहने नवं रेशमी साम्पूर कमरेला बांधलं,
किमतीची चिठ्ठी टोकाला तशीच लोंबत.
रेत्नोच्या आईने तर अख्खा फणस पाठवला रिक्षातून.
तो आम्ही चार दिवस खाल्ला,
आणि रेत्नो अजून बुधवारच्याच वर्गात आहे.

तू काही आणलं नाहीस, वेनिंग.
बाजारात आईच्या सोतोच्या गाडीवर वाट्या विसळून
ओल्या बाह्यांनी येतेस,
हळदीचा, तळल्या लसणीचा वास घेऊन.
पहिल्या वर्षी तुझी बोटं मागे वळत नव्हती,
मी ती कोमट पाण्यात धरून वाकवली.
ओठ चावून विचारलंस,
बू, तुम्हालाही असंच दुखलं होतं?
म्हटलं, आठवत नाही.
खोटं. चांगलं आठवतं.

तर, मार्चमधली गोष्ट.
माझी टेप जुनी, पेन्सिलीने गुंडाळावी लागते,
तिसऱ्या आवर्तनात गामेलान पाण्याखालून आल्यासारखा वाजतो.
गोंग येणार म्हणून मुली आधीच गुडघे वाकवतात,
बस थांबायच्या आत माणसं दाराशी जाऊन उभी राहतात तशा.
बऱ्यापैकी असतात त्या गोंगवर बसतात, अगदी नेमक्या.
परीक्षकांना तेवढं पुरतं.

तू त्या दिवशी गोंग जाऊ दिलास.
पूर्ण जाऊ दिलास,
मग टाचेने जारिकचा घोळ मागे सारलास
आणि खाली आलीस
अर्धा श्वास उशिरा.

हे मी तुला शिकवलेलं नाही.
माझ्या बूनेही मला शिकवलं नव्हतं,
असं काही दिसलं की ती पानाचा डबा मिटून
नुसती वर बघायची.
मी त्या वेळी सालाक सोलत होते.
सोलतच राहिले.
म्हटलं, पुन्हा.

एप्रिलमध्ये म्हटलं, मान जरा डावीकडे.
मान बरोबर होती.
रमजानात वर्ग बंद, मला हायसं वाटलं.
जूनमध्ये तू विचारलंस, तेही आडून,
नदीपलीकडे हर्जान्तींच्या शनिवारच्या वर्गात
फरशी फार थंड असते का हो, बू?
म्हटलं, फरशी सगळीकडे फरशीच.
तू हसलीस, घाम पुसलास,
पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिलीस.

रात्री अंथरुणात तुझी खोट शोधत बसायचे.
डावा खांदा? नजर? मनगट?
काल सापडली एकदाची, पण तुझ्यात नव्हे.
माझा गुडघा आता खाली बसत नाही, बसला तर उठत नाही,
आणि पोरी पाय टाकतात ते माझ्याकडे बघून नाही,
तुझ्याकडे बघून.
तू गेल्यावर या वर्गात
मी कुणाला दाखवून काय सांगणार?

घे ही चिठ्ठी. तीनच ओळी आहेत.
हर्जान्ती तुला नवांच्या रांगेत शेवटी उभी करील,
चार महिने नुसतं चालायला लावील,
बोटं ताठ आहेत म्हणेल. म्हणू दे.
मला तिच्याकडून निघताना असंच म्हणाली होती,
तेव्हा आम्ही दोघी वीस वर्षांच्या होतो
आणि रांगेत जागा एकच होती.

इतक्या उशिरा का पाठवलं, असं ती विचारीलच.
सांग, गोंग वाजून गेला होता.
बूने ऐकला होता.

जा आता. पाऊल उचल.
थांब,
जाता जाता ती टेप तेवढी उलटी करून दे.