पांगाऱ्याची गुंजली

चितारआळीत बाबांची परीक्षा एकच होती:
पाहुण्याने टोपलीतलं सीताफळ उचलावं,
अंगठ्याने दाबून बघावं
आणि ओशाळून परत ठेवावं.
तेवढ्यावर ते आठवडाभर खूश असत.

मी आचऱ्याला आले, खाडीकाठच्या घरात.
येताना दागिन्यांआधी पटाशी बांधली होती.
इथे लाकडी फळं कोण घेणार?
मी मासे करू लागले, गरीचे,
दांडी घेऊन येणाऱ्या हौशी लोकांसाठी.

पांगारा हलका. नखानेही कोरला जातो.
त्याला पाण्याखाली न्यायचं तर पोटात शिसं हवं,
फाटक्या पागाचं, वितळवून,
गळ्यापासून दोन बोटं मागे.
आणखी मागे गेलं तर शेपटी बुडते,
पुढे आलं तर नाक खुपसून चालतो
मानपानावरून रुसलेल्या जावयासारखा.
ओठ मोबाईलच्या फुटक्या कव्हरचा, तिरपा.
ओठ नसेल तर पाणी त्याच्याशी बोलत नाही.

पहिली गुंजली मी महिनाभर केली.
खारीच्या केसांचा कुंचला,
एका अंगाला दोनशे बारा खवले,
डोळे तुटलेल्या पोतीतले.
कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले,
"ताई, ही कपाटात ठेवायची वस्तू."
आणि मी बाबांसारखीच खूश झाले.

इनासच्या होडीतून तीन पहाटा
आम्ही ती चिपीच्या मुळांशी टाकली.
तांबोश्या आल्या,
हातभर अंतर राखून मागे मागे आल्या,
बघितलं, वळल्या.
मुलगी बघून "कळवतो" म्हणत
उठतात ना माणसं, तशा.

इनासने वल्हं मांडीवर आडवं घेतलं.
"चितारणी, तुजी गुंजली बरी आसा.
खूपच बरी आसा. निरोगी.
तिच्या मागे धावान दमात कोण?
मरताना कशी पेंवता, ती बघ आदी."

मग पंधरा दिवस रंगाला हात लावला नाही.
रापण ओढायच्या वेळी कडेला उभी राहिले.
जाळ्यातून निसटलेली,
बगळ्याच्या चोचीतून पडलेली:
एका कुशीवर झुकते, दोन फटके, थांबते.
त्या थांबण्यात पोट एकदाच चमकतं.
पुन्हा दोन फटके, तेही वाकडे.

ते थांबणं मी न्हाणीच्या डोणीत शोधलं.
शिसं डाव्या अंगाला सरकवलं, तांदळाच्या कणीएवढं.
एकावन्न वेळा. मोजले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.
खवले घासून टाकले सगळे.
पाठ काळी, पोट पांढरं,
कल्ल्याजवळ नखाच्या रंगाची एक लाल चीर.
सासूबाई डोकावल्या.
"गे, ह्यां आजारी दिसता."
मी म्हटलं, होय ना?

अष्टमी. भांगाचं संथ पाणी.
इनासने दोरा दोनदा हिसकला, सैल सोडला.
ती थांबली
आणि थांबली तिथेच पाणी फुटलं.

तांबोशी तीन किलोची असेल. इनास पाच सांगतो.
मला आठवते ती गुंजली,
जबड्यातून सोडवून त्याने माझ्या हातावर ठेवलेली:
पाठीवर सुळ्यांची चार भोकं,
रंगाखालचा पांगारा उघडा, ओला.
माशाला हात नसतात.
दाबून बघायचं तर तोंडानेच.
बाबा, तुमच्या पाहुण्याला
सीताफळ परत ठेवता येत होतं.

भोकं मी बुजवली नाहीत.
ती खिळ्याला टांगली आहे, विकायची नाही.

आता डॉक्टर डझनाने नेतात,
प्रत्येक थोडी वेगळी आजारी.
कारण सगळ्या एकसारख्या मरायला लागल्या
तर तेही तांबोश्यांना कळतं.

नवी झाली की डोणीत सोडते.
मुलगा काठावर हनुवटी टेकून बघत राहतो.
कधी काहीच न बोलता खेळायला जातो;
मग मी ती पुन्हा पटाशीखाली घेते.
कधी बोटाने तिला हळूच सावरतो,
विचारतो, "आई, हिला काय झालंय?"

तेव्हा मी तिला गरी लावते.