बावीस मिलिमीटर

नवा आयपीस केपटाउनहून पोस्टाने आला,
स्पंजच्या खोबणीत, अंड्यासारखा.
डावितने हात दोनदा धुतले
आणि तरी पँटला पुसले.
जुलैची रात्र. कारूच्या माळावर टाकीतल्या पाण्याने
बर्फाची साय धरलेली,
मेंढ्या एकमेकींत घुसून एकच मेंढी झालेल्या.

दुर्बीण त्याच्याच हातची:
काँक्रीट ओतायची पुठ्ठ्याची नळी,
तळाशी सहा इंची आरसा, दोन बोकडांच्या बदल्यात मिळालेला,
आणि फोकसर म्हणजे मोरीच्या पाइपचे दोन तुकडे,
एकात एक सरकणारे.
टेकडीवरच्या वेधशाळेत परदेशी लोक रात्रभर जागतात;
त्यांचे नळ गळले की डावितलाच बोलावतात.

पण चंद्र काही जमेना.
दुधात बुडवलेल्या पावासारखा कडेकडेने सुटत राहिला.
डावितने फोकसर आत ढकलला. थोडा बरा.
आणखी आत. आणखी बरा.
मग टक्. काठाला काठ टेकला.
पुढे जागाच नाही.
"अजून थोडं," तो म्हणाला, "थोडंच हवं होतं,"
आणि मला आमच्या घरातली निम्मी वाक्यं आठवली.

शेजारचा रुवाल्डो म्हणाला, काका, तुम्हाला फसवलं.
मी म्हणाले, परत पाठव, पैसे तरी मिळतील.
त्याने कुणाचंच ऐकलं नाही.
बिस्किटांच्या डब्यातला पातळ कागद फाडला,
आयपीस काढला, कागद नळीच्या तोंडाशी धरला:
रॉकेल सांडल्यासारखा उजेडाचा डाग.
मग चिमट्यात धरून तोच कागद आत नेला,
आत, अजून आत,
आणि तिथे, पाइपच्या घशात,
शर्टाच्या बटणाएवढा चंद्र.
काठ असा की बोट कापेल.

उजेड तर केव्हाच जमला होता.
आम्हीच दोन बोटं मागे उभे होतो.

उजेडाला बाहेर बोलावायचं तर आरसा वर घ्यायला हवा.
बावीस मिलिमीटर. त्याने तीनदा मोजले,
शिसपेन्सिल कानामागून काढून, परत कानामागे ठेवून.
मी नळी कवेत धरली,
कातरताना मेंढी धरतात तशी, गुडघ्यांमध्ये.
रुवाल्डोने टॉर्च धरला आणि भलतीकडेच पाडला.
नवी भोकं. जुनेच स्क्रू.
तोवर चंद्र मावळला होता.

शनी होता.
डावितने डोळा लावला, आणि बराच वेळ
त्याची वाफ तेवढी दिसत राहिली.
मग तो बाजूला झाला. "बघ" असंही म्हणाला नाही.
रुवाल्डो मात्र धावत नळीच्या पुढच्या तोंडाशी गेला:
"स्टिकर चिकटवलाय तुम्ही, काका!
कुठंय? कुठं चिकटवलाय?"

मी खिशातून पाचा आयपीस काढला.
पितळेचा, चिकटपट्टी गुंडाळून जाड केलेला.
मोजणीवाल्यांची साखळी ओढायचा आमचा बाप;
एकदा खेचर पडलं, यंत्र फुटलं,
त्यातला एवढाच डोळा त्याच्या वाट्याला आला.
तालुका मोजून झाला. वीतभर जमीन नावावर लागली नाही.
अकरा वर्षं आम्ही आकाश त्यातूनच पाहिलं.

बसवला. शनी फुगला, पुसट झाला.
फोकसर पार बाहेर ओढला तरी तसाच.
आता उलट झालं होतं: आरसा वर आला,
आणि पा आत राहिला.

मग मी तो पट्टीसकट बाहेर ओढला,
चिमटीत धरून, कशालाच न टेकवता,
हवेतल्या हवेत मागे, मागे,
श्वास रोखून.
कडं आलं. माझ्या नाडीसोबत हलत होतं.

"उद्या एक जोड कापतो," डावित म्हणाला.
"एवढाच पाइप लागेल."
काप, मी म्हटलं.
घाई नाही.
बोटं बधिर झाली होती, पण मी धरून होते.