चौदा नंबरची खाट

ग्रंथालयाचा फॉर्म घेऊन आलीस, आम्रपाली,
'आवडती पाच अभिजात पुस्तकं, क्रमाने लिहा.'
क्रमाने, म्हणे.
नावं मला नाही आठवत गं, वॉर्ड आठवतात.

ते जाड भाषांतर, ज्यात सारखा बर्फ पडतो
आणि एकेका माणसाला तीन तीन नावं,
ते मी नवतपात वाचलं, मेडिकलच्या नाइट ड्यूटीत.
रात्री दोनलाही भिंत पोळत होती,
कूलरचं पाणी संपून वाळ्याच्या ताट्या खडखडत होत्या.
पान दोनशे बारावर एका बाईने शाल ओढून घेतली
आणि मला, खोटं नाही सांगत,
हुडहुडी भरली.

सीताबर्डीच्या फुटपाथवरचं दीड रुपयाचं संस्कृत नाटक.
कुण्या पोट्ट्याने समासात लिहिलं होतं,
'परीक्षेला येत नाही.'
नेमके तेवढेच श्लोक माझे पाठ झाले.

आणखी एक आहे, ते मी पुरं वाचलेलंच नाही.
तिसऱ्या पानावर एका माणसाचे हात होते,
एम्प्रेस मिलमधून परतणाऱ्या माझ्या बापाच्या हातांसारखे,
नखांत कापूस.
मिटलं. तीसेक वर्षं कपाटात आहे.
ते यादीत घे, वर घे.

आणि चौदा नंबर.
उमरेडचे पोस्टमास्तर ढोके, दोन्ही डोळ्यांना पट्टी.
'सिस्टर, मोठ्यानं वाचा ना जी.'
नदीकाठच्या गावाची कादंबरी होती, नावाड्याच्या पोराची.
राउंड झाला की आठ पानं,
शेजारचे तेरा आणि पंधरा फुकटात ऐकायचे.
चाळीस पानं उरली तेव्हा एका रात्री म्हणाले,
'आता शेवट सांगूनच टाका.'
मी तरी कुठे वाचला होता?
सांगितलं : होडी येते. जरा उशिरा येते.
आई चुलीपाशी बसलेली असते, भाकर झाकून.
'असं का,' म्हणाले, आणि कुशीवर वळले.
सकाळी मी चादर बदलली.

शेवट मी पुढच्या आठवड्यात वाचला.
होडी येत नाही.
लेखकाचं बरोबरच आहे, तिथे होडी यायला नकोच होती.

जागा पुरत नसेल तर पाठीमागे लिही.
हल्ली झोप येत नाही तेव्हा
आधी त्याचा शेवट आठवते, मग माझा,
आणि डोळा लागतो तो बहुतेक
दोन्हींच्या मध्ये कुठेतरी,
पाण्यावर.