चालू रीडिंग

पतसंस्थेच्या फुकट डायरीत, पहिल्याच पानावर
एक जानेवारीला लिहिलं: यंदा दोनशे.
खाली दोन रेघा मारल्या.
एक पुरली असती.

जानेवारीत आकडे पळतच होते.
अंबाझरीच्या पाळीवरून एका सकाळी सत्तेचाळीस,
थापट्या, शेकाट्या, तलवार बदक,
आणि पारडगावच्या तलावावर धुकं फाटलं तेव्हा
पट्टकदंबांची रांग,
प्रत्येकाच्या डोक्यावर दोन काळ्या रेघा,
माझ्याच हातच्या वाटाव्या अशा.

फेब्रुवारीअखेर एकशे नऊ.
धकाते सरांना म्हटलं, दिवाळीपर्यंत उडवतो दोनशे.
ते दुर्बीण पुसत होते. म्हणाले,
"पहिले शंभर पक्षी देतात, मेश्राम.
पुढचे मागावे लागतात."

मी विजेचे मीटर वाचतो.
गिट्टीखदान, बोरगाव, दाभा,
दिवसाला दीडशे दारं.
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
घर बंद असलं की एक कोड टाकायचा,
मशीन सरासरी काढून देतं,
आणि न पाहिलेल्या घराचं बिल
महिनाअखेर बिनचूक पोचतं.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर,
मी एकशे एकेचाळीसवर.
दोघंही हलेनात.

जूनमध्ये दाभ्याला, गोपिकाबाई उईकेंचं फाटक वाजवलं.
"तुमी पाखरं मोजता म्हणे?
मागं पेरूखाली येते ना जी एक,
हिरवं, निळं, बुडाशी कुंकू सांडल्यावानी.
आत्ता होतं बाप्पा.
तुमी फाटक वाजवलं अन् गेलं."

नवरंग!
पेरूखाली उकिडवा बसलो.
पाचोळ्यात सातभाई, तेही पाचच,
एकमेकांवर खेकसत.
ओट्यावर चहा निवला. चाळीस घरं बाकी होती.
गोपिकाबाईंचा मीटर ठीक: एकोणसाठ युनिट.
घर उघडं होतं.
पक्षी बंद.

मग पावसात दुर्बिणीला आतून बुरशी धरली,
हप्ते तेवढे लख्ख चालू.
सप्टेंबरात रेवतीला डेंग्यू.
चार रविवार तिच्या उशाशी
प्लेटलेट मोजल्या,
त्या वाढल्या तेव्हा
कुठल्याच आकड्यासाठी इतका रडलो नव्हतो.
त्या दिवशीच्या पानावर पक्षी नाही.

नोव्हेंबरात गोरेवाड्याच्या कुंपणाशी, अंधार पडताना,
फरशीवर गोटी सोडावी तसा आवाज,
टप्, टप्, टपटपटप.
"रातवा," सर कुजबुजले. "लिहा. ऐकलेला चालतो."
मी टॉर्च इकडे मारला, तिकडे मारला,
पळसाची पानं, दगड,
दगडासारखा दिसणारा आणखी एक दगड.
नाही लिहिला.
सर म्हणाले, कशाला उगाच हट्ट.
एकोणीस वर्षं लोकांच्या बंद दारांवर
सरासरी टाकत आलोय, सर.
एवढी एक वही
डोळ्यांनी भरू द्या.

एकतीस डिसेंबर. फुटाळ्याला गाड्यांची जत्रा,
पाण्यापेक्षा फुगे जास्त.
घरी येऊन बेरीज केली, परत केली.
ज्योत्स्ना भाकरी थापता थापता म्हणाली,
"किती राहिले?"
"एकोणतीस."
"मंग? कापते का कोणी कनेक्शन?"

रात्री गच्चीवर नवी डायरी उघडली.
लिहिलं, मागील रीडिंग: एकशे एकाहत्तर.
चालू: पुढे पेन थांबलं.
तेवढ्यात बारा वाजले, शेजारी सुतळी बॉम्ब फुटला,
आणि पाण्याच्या टाकीवरून पारवे उठले
एकदम, सगळे.
पारवा तर मागच्या एक तारखेलाच मोजून झालेला,
चहाच्या आधी, अनुक्रमांक तीन.
तरी बघत राहिलो.
टाकीभोवती एक फेरी, दोन,
तिसरीला दिव्याच्या उजेडात पोटं पांढरी झाली,
चौथीला ते कुठे बसले
दिसलं नाही.