छाट

सात रस्त्याला, बॅरिकेडच्या अलीकडे,
रात्री अकरा वीसला मी म्हणते, फुंका.
लोक फुंकतात
समईची ज्योत विझू नये अशा बेतानं,
बाहेरून जोर, आतून काटकसर.
मी म्हणते, पूर्ण. शिट्टी वाजेपर्यंत.

इरण्णा हत्तुरेनं पूर्ण फुंकलं.
टेंपोत टॉवेलचे गठ्ठे, एमआयडीसीतून स्टेशनला,
कपाळावर विभूती, घामानं अर्धी गेलेली.
आकडा एकतीस.
मर्यादा तीस.
"साडूला पोचवून आलो, मॅडम. दोघांत एक क्वार्टर."
मग कुणी न सांगता रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून
चालून दाखवलं, जाऊन परत आला,
सुईत दोरा गेल्यासारखा.
मी पट्टीकडे बघितलं नाही.
फॉर्मात पट्टीला रकाना नाही.

त्याच्यामागे पांढरी गाडी. पोरगा विशीतला.
काच खाली करताना दोनदा बटण चुकला,
मला आधी काका म्हणाला, मग मॅडम.
आकडा एकोणतीस.
साहेब म्हणाले, सोड, बसतंय.

आई विड्या वळायची,
अशोक चौकामागच्या बोळात, गुडघ्यावर सूप घेऊन.
हजार मोजून कारखान्यात न्यायची.
चेकर मूठभर उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा,
हिचं तोंड बारीक, हिचं बूड ढिलं,
ही छाट, ही छाट, ही पण.
छाटेचे पैसे नाहीत
आणि छाट परतही नाही.
"कशी वाईट, ते तरी सांगा," ती विचारायची,
तेलुगूत विचारायची,
म्हणून त्याला ऐकू जायचं नाही.
मला खाकी मिळाली त्या दिवशी
पेढा हातात धरून म्हणाली,
म्हणजे आता तुझा अंगठा.

पण आई, मी होटगी रोडही बघितलाय.
आधी सायकल दिसली, मग बाई.
झाकायला काही नव्हतं, तर समोरच्या दुकानदारानं
कोरी चादर आणली, मोरांची,
किमतीची चिठ्ठी तशीच,
पहाटेपर्यंत वाऱ्यावर फडफडत होती.
मारणाऱ्याचा आकडा एकशे चौदा.
तेव्हापासून रेघ नकोच म्हणणाऱ्याशी
मी बोलत नाही.
रेघ हवी. तीसवरच का, मला ठाऊक नाही.
बत्तीसवर असती तर तेहतीसवाला
असाच उभा असता, हातात टोपी घेऊन.

रेघेचं मला काही नाही.
पण लायसन माझ्या खिशात येतं तेव्हा
कोर्ट झोपलेलं असतं, वकील झोपलेला असतो,
माणसाचे पुढचे महिने बॅरिकेडवर
उभ्याउभ्या ठरतात,
आणि यंत्राच्या पाठीवरची तपासणीची तारीख
घामानं पुसली गेलीय. माझ्याच.

"ही पावती दाखवून टेंपो चालतो का?"
इरण्णानं विचारलं. चिडून नाही,
खरंच माहीत नव्हतं म्हणून.

दोन वाजता साहेब जीपमध्ये डुलकी घेत होते.
मी नवी नळी लावली आणि स्वतः फुंकलं.
मी जन्मात घेतलेली नाही.
रात्री खाल्लं ते ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी,
बाटलीतलं कोमट पाणी.
आकडा आला चार.

पुन्हा फुंकलं. चार.

एकतीसमधून चार जाऊन किती, हे पोरसुद्धा सांगेल.
एकोणतीसमधून चार गेले तरी
त्या पोराला बटण सापडत नव्हतं,
ते कुठल्या वजाबाकीत धरायचं?

इरण्णा गठ्ठे सोडून जात नव्हता,
टेंपोच्या पायरीवर बसून होता.
मी त्याची पावती मागून घेतली,
उलटी केली, पाठीवर लिहिलं:
यंत्र मी स्वतः फुंकले, आकडा चार. दोनदा.
सही. बक्कल नंबर. वेळ.
"हे काय?"
वकिलाला दाखवा, म्हटलं.
त्यानं घडी घातली, खिशात ठेवली,
परत काढली, बघितली, परत ठेवली.
"आणि गठ्ठे?"

गठ्ठ्यांचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.
वायरलेस खरखरला की मी दचकत होते.
पांढऱ्या गाडीचं काही आलं नाही.
अजून तरी.