सैल गाठ

नारिन ते बिश्केक सहा तास,
घाटात बर्फ असेल तर आठ.
गाडीत सोळा उतारू, तीन पोती बटाटे,
आणि त्या दिवशी परतताना पुढच्या सीटवर बुरुल,
तिच्या मांडीवर जिबेक,
कमरेपासून घोट्यांपर्यंत प्लास्टरमध्ये,
दोन्ही गुडघ्यांमध्ये एक काठी.
दार अरुंद.
तिला तिरकी करून आत घ्यावं लागलं,
कपाट जिन्यावरून चढवावं तसं.

मागची एक म्हातारी म्हणाली,
"बघा कशी बसलीये, घोड्यावर बसल्यागत!
खोगिरातच जन्मलेली पोर."
सगळी गाडी हसली. मीही हसलो.
बुरुल खिडकीबाहेर बघत राहिली.
बाहेर धुकं होतं, दुसरं काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला होता.
हाड खोबणीत नाही, म्हणाल्या,
पेला बशीच्या कडेवर ठेवावा तसं टेकलंय.
मग, चष्मा न काढता :
"पाळण्यात पाय सरळ बांधायचात?"

पाळणा जुना आहे आमचा.
त्यात आजोबा झोपले, बाबा झोपले, मी झोपलो,
तिलेक झोपला,
आणि तिलेक आता गल्लीतल्या कुत्र्यांच्या पुढे पळतो.
दिवसा पट्टे आई बांधायची, कधी बुरुल.
रात्री मी.
गाडी लावून यायचो, जिबेक रडत असायची,
मी पट्टा आणखी बोटभर आवळायचो
आणि ती गप्प व्हायची.
मला वाटायचं, बघा, मला जमतं.

"हो," मी म्हणालो, "बांधायचो."
"कारणं पुष्कळ असतात," त्या म्हणाल्या,
आणि पुढचा कागद घेतला.

मग चार महिने.
लाकडी चमच्याचा दांडा आत सरकवून खाजवणं.
प्लास्टरच्या कडेला लंगोट खोचणं,
तरी ओलं, तरी वास,
केस वाळवायच्या यंत्राची गार हवा,
वीज गेली की जुन्या वहीचा पुठ्ठा.
तिलेकनं प्लास्टरवर निळ्या पेनानं गाडी काढली,
चाकं पाच.
मी विचारलं, पाचवं कशाला?
"पंक्चर झालं तर."
त्याच आठवड्यात त्याचा पुढचा दात पडला.
भाकरीच्या तुकड्यात घालून तो कुत्र्याला द्यायचा असतो,
म्हणजे नवा दात कुत्र्यासारखा मजबूत येतो.
त्यानं तुकड्याचे दोन भाग केले.
दुसरा जिबेकच्या हाडासाठी, म्हणाला.
कुत्र्यानं दोन्ही खाल्ले.

करवतीचा आवाज आला तेव्हा मी बाहेर पॅसेजमध्ये.
आतून बाहेर आले ते पाय बारीक, सोललेल्या फांदीसारखे,
आणि त्यांना काय करायचं ते माहीत नव्हतं.

ती चालली अडीच वर्षांची झाल्यावर,
चुलीपासून बुटांच्या ढिगापर्यंत.
आमच्याकडे मूल चालू लागलं की
घोट्यांना काळा-पांढरा दोरा बांधतात.
लांबून पोरं धावत येतात,
जो पहिला पोचेल तो सुरीनं दोरा कापतो,
आणि त्याची धाव मुलाला मिळते म्हणतात.
शेजारी जमले, आईनं पुऱ्या तळल्या,
तुर्गुनबायनं सुरीला धार लावून ठेवली.
दोरा माझ्या हातात दिला.

मी खाली वाकलो.
घोटे समोर होते, एका बाजूला प्लास्टर घासल्याचा वण.
हात हलेना.
लोकांना वाटलं, बाप भावुक झाला.
बुरुलला काय वाटलं ते तिनं कधी सांगितलं नाही,
पण दोरा माझ्याकडून काढून तिनं तिलेकला दिला.

त्यानं बांधला, आठ वर्षांचं पोर बांधेल तसा,
बूट बांधायची गाठ, तीही सैल.
पोरं तिकडून सुटली, धूळ उडाली,
आणि ती अर्ध्यावर असतानाच
जिबेकला ताटातली पुरी दिसली.
एक पाय निघाला. मग दुसरा, जरा डुलत.
दोरा मागे जमिनीवर राहिला.

पहिला आलेला पोरगा सुरी घेऊन उभा, धापा टाकत :
"आता मी काय कापू?"

कोणी म्हणालं पुन्हा बांधा.
आई म्हणाली अपशकुन.
बुरुल म्हणाली, "पुऱ्या गार होतायत."

दोरा मी गाडीच्या आरशाला अडकवलाय.
उतारू विचारतात, मी रस्त्याकडे बघतो.
एप्रिलमध्ये पुन्हा एक्स-रे आहे.
पाळणा माळ्यावर आहे,
आणि धाकट्या भावाची बायको काल विचारत होती,
द्याल का म्हणून.